चार महिन्यांचं बाळ, प्रीतिभोजनाची भाजी आणि शब्बाथ शाळा : तुम्ही हे कसं जमवलंत?

वऱ्हाडी_लेक

सगळ्यांना नमस्कार, आणि ज्यांच्यात म्हणतात त्यांना सलाम.

मी अमरावती जिल्ह्यातली. आम्ही बाप्टिस्ट, म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. १९४० च्या दशकात मेळघाटाच्या बाजूला अमेरिकन कंझर्व्हेटिव्ह बाप्टिस्ट मिशन आलं, त्या कामातून आमच्याकडे लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. माझ्या आजीचा बाप्तिस्मा नदीत झाला होता, नऊवारीचा काष्टा घट्ट आवळून. ती गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. बारावीला असताना मला पाचारणाची जाणीव झाली, पुण्याला सेमिनरीत शिकले, परत आले. पाच वर्षं दर रविवारी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, आणि दर गुरुवारी दोन खेड्यांत घरभेटी, हे माझं काम.

लेक आता चार महिन्यांची आहे.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, असतो आणि त्यानंतर सगळ्या मंडळीचं प्रीतिभोजन. स्वयंपाकाच्या पाळ्या ठरलेल्या. लेक दहा आठवड्यांची असताना माझी पाळी आली. साठ माणसांची आलू-वांग्याची भाजी. मी केली. शनिवारी रात्री लेकीला झोळीत टाकलं, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि विळीवर वांगी चिरत बसले. समोर चाळणीला टेकवून शब्बाथ शाळेचं पुस्तक उभं केलं होतं. धडा बायबलातल्या एलीया संदेष्ट्याचा होता. पान उलटायला हात कोरडा नव्हता, म्हणून तेच पान चार वेळा वाचलं.

रविवारी गेले तर माझा वर्ग दुसऱ्या कुणाला दिलेला. "तू सध्या आराम कर, लेकराकडे बघ," असं सगळ्यांनी प्रेमानंच सांगितलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण भाजीला मात्र कुणी "आराम कर" म्हणालं नाही.

तेव्हापासून हे मनात घर करून बसलंय. घर, बाळ, स्वयंपाक हीसुद्धा सेवा आहे हे मी मानते, दुसऱ्यांना शिकवलंही आहे. पण माझं पाचारण कुणी हळूच उचलून नेलं आणि त्या जागी पातेलं ठेवलं, असं वाटत राहतं. तुम्ही कसं केलंत? ख्रिस्ती असा किंवा नसा, सांगा.

निंबोणी

साठ माणसांची भाजी, दहा आठवड्यांची बाळंतीण. वाचून पोटात तुटलं गं. उत्तर नंतर लिहिते, माझं पिल्लू उठलंय.

ओसरी

बाळा, मी तुझ्या आईच्या वयाची. ३८ वर्षं पाळकीणबाई, म्हणजे पाळकांची बायको, म्हणून काढली, चार गावांत, तीन लेकरं वाढवत. पगार यांना, काम दोघांना, आणि त्याचं मला कधी दुःख झालं नाही, हे आधी सांगते.

स्वयंपाकघर पाचारणाच्या जागी आलं असं तू म्हणतेस. मी म्हणेन ते पाचारणाच्या आतच आहे. आमच्या घरी कोण कोण जेवून गेलं! दारू सोडलेला, घरातून काढलेली, परीक्षेला आलेली खेड्यातली पोरं. ज्यांनी उपदेशाचा एक शब्द ऐकला नसता ते वरण-भातावर दोन-दोन तास बसले. पुनरुत्थानानंतर प्रभूनं शिष्यांसाठी काय केलं? तिबिर्या समुद्राच्या काठावर कोळशाचा विस्तव केला, त्यावर मासे आणि भाकर ठेवली आणि म्हणाला, या, न्याहारी करा. बायबलात योहानाचा २१वा अध्याय. पेत्राला "माझी मेंढरं चार" हे सांगितलं ते जेवण झाल्यावर.

लेकरू लहान असेपर्यंत हीच तुझी मंडळी. हे दिवस भुर्रकन जातात.

खडू_आणि_फळा

ओसरीकाकू, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत.

योहान २१ मध्ये स्वयंपाक कोणी केला? प्रभूनं स्वतः. पेत्राच्या सासूला बोलावून केला नाही. स्वयंपाक एवढी मोठी सेवा असेल तर पाळ्यांच्या यादीत डीकन, म्हणजे मंडळीच्या सेवक-पुढाऱ्यांची, नावं का नाहीत? मी नगरकडची, आमची मंडळी बाप्टिस्ट नाही, पण यादी तशीच. सतरंज्या घालणं पुरुषांकडे, बाकी चुलीजवळचं सगळं बायकांकडे.

वऱ्हाडी_लेक, तुझ्या त्या एका वाक्यात सगळं आलं. आराम करायला सांगितला तो नेमका तुझ्या बुद्धीला आणि वाणीला. हातांना नाही.

माळरान

+१ खडू_आणि_फळा.

रानवाट

मी ख्रिस्ती नाही, साताऱ्याकडचा. एक प्रामाणिक प्रश्न. माझ्या कॅथलिक मित्राच्या मुलाचा बाप्तिस्मा महिन्याभरात झाला होता. तुमच्या लेकीचा झाला का? आणि पाचारण म्हणजे नेमकं काय, नोकरी की नवस?

वऱ्हाडी_लेक

@रानवाट, नाही झाला आणि एवढ्यात होणारही नाही. बाप्टिस्ट लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाला समज आली, त्यानं स्वतः विश्वास ठेवला आणि तो मंडळीपुढे सांगितला की मग बाप्तिस्मा, तोही पूर्ण पाण्यात बुडवून. बाळाचं आम्ही समर्पण करतो. आईवडील पुढे उभे राहतात, पाळक प्रार्थना करतात, आणि मंडळीसुद्धा उभी राहून म्हणते की या लेकराला वाढवायला आम्ही मदत करू. आमचं समर्पण झालं तेव्हा लेक दीड महिन्याची होती. पाळकांचा चष्मा तिनं घट्ट धरून ठेवला होता, सगळी प्रार्थना चष्म्याशिवाय झाली.

पाचारण म्हणजे नोकरी नाही आणि नवसही नाही. देवानं एखाद्या कामासाठी नाव घेऊन हाक मारली आहे अशी आतून पटलेली खूण, आणि ती खूण मंडळीलाही पटावी लागते. म्हणून तर मंडळीनं वर्ग काढून घेतला की एवढं लागतं.

खडू_आणि_फळा

थांब. समर्पणाच्या दिवशी सगळी मंडळी उभी राहून "आम्ही मदत करू" म्हणाली, आणि महिन्याभरानं भाजी तुझ्याकडे आली?

वऱ्हाडी_लेक

मी हे असं जोडून पाहिलंच नव्हतं.

डॅलसची_दुपार

टेक्सासमधून लिहितेय. लग्नानंतर इकडे आले, घराजवळ बाप्टिस्ट चर्च होतं, तिथेच जाऊ लागलो. माझ्या वेळी तिथल्या बायकांनी 'मील ट्रेन' लावली. म्हणजे एक तक्ता करतात, कोण कुठल्या दिवशी जेवण पोचवणार त्याचा. तीन आठवडे रोज संध्याकाळी दारात कुणीतरी डबा घेऊन उभं. चीज घातलेली मॅकरोनी, चिकनचा भाजलेला भात, कधी नुसतं सूप. मला भाकरी आणि मेथीची पातळ भाजी हवी होती, डोळ्यांत पाणी यायचं. पण त्या तीन आठवड्यांत मी गॅस पेटवला नाही. एक आजीबाई तर डबा ठेवून न बोलता सिंकमधली भांडी घासून जायच्या.

दुसरी बाजूही सांगते. सदर्न बाप्टिस्ट ही इथली एक मोठी संघटना, त्यांच्या २००० सालच्या विश्वासपत्रात पाळकपद पुरुषांसाठीच आहे असं स्पष्ट लिहिलंय, आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या त्यांच्या अतिशय मोठ्या चर्चला स्त्री पाळक नेमल्यावरून बाहेर काढलं. त्याच सदर्न बाप्टिस्टांच्या एका चर्चनं १९६४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावात अ‍ॅडी डेव्हिस या बाईंना पाळकपदाची दीक्षा दिली होती. 'अमेरिकन बाप्टिस्ट' नावाची इथली दुसरी संघटना तर स्त्रियांना दीक्षा देतेच. बाप्टिस्टांत वर बिशप नाही, प्रत्येक मंडळी आपला निर्णय आपण घेते. म्हणजे तुमच्या पाळ्यांची यादी बदलायला कुणा वरिष्ठाच्या सहीची गरज नाही. पहिल्या रविवारी मंडळीची बैठक बसली की तिथेच बदलता येईल.

शेंगोळे

अवांतर: डब्यांचं निघालंच आहे तर कुणी डिंकाच्या लाडवांचं नीट प्रमाण द्या ना. बायकोचे दिवस भरत आलेत. आई नाही, सासूबाई गावी आजारी. मीच करणार आहे.

निंबोणी

@शेंगोळे, लिहून घ्या. खारीक पूड अर्धा किलो, किसलेलं सुकं खोबरं अर्धा किलो, डिंक पाव किलो, खसखस एक वाटी, गूळ पाऊण किलो, तूप लागेल तसं, वर जायफळ. खोबरं मंद आचेवर गुलाबी भाजा, खसखस वेगळी भाजा.

डिंक मात्र जपून. आधी दोन तास उन्हात ठेवा, मग कढईत तूप बऱ्यापैकी तापवून चिमूट चिमूट टाका. पूर्ण फुलला पाहिजे. एक खडा बाहेर काढून बोटानं चुरा, आत काचेसारखा कण लागला तर अजून कच्चा आहे. तो कण दाताला चिकटला की बाळंतीण परत लाडू तोंडात घालत नाही. गुळाचा पक्का पाक करू नका, नुसता वितळू द्या.

शेंगोळे

फार आभार. चिमूट चिमूट हे कुणीच सांगितलं नव्हतं.

ओसरी

त्यात दोन चमचे मेथीपूड तुपात भिजवून घाला. कडू लागेल, पण कंबर धरून राहते. आणि रात्री अळीवाची खीर, खोबऱ्याच्या दुधात.

पानाआड

मी ख्रिस्ती नाही, जुनी मराठी छपाई हा माझा छंद. बाप्टिस्ट म्हटलं की मला विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी आठवतो. मराठी भाषेचं व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी अक्षरांतला मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये, दोन्ही त्यानं बंगालमधल्या श्रीरामपुरातून काढले, वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीनं. बाप्टिस्टच होता तो. त्याच्या कामापुढे मी अनेकदा हात जोडलेत. पण या धाग्यावर त्याच्या बायकोबद्दल लिहायला हवं.

डोरथी केरी. जून १७९३ मध्ये जहाजात चढली तेव्हा तिच्या कुशीत काही आठवड्यांचं बाळ होतं. आधी ती यायला तयार नव्हती, मोठ्या मनधरणीनंतर बहिणीला सोबत घेऊन निघाली. इथे आल्यावर पैसे संपले, सुंदरबनात राहावं लागलं, मग मदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर. आजूबाजूला तिच्या भाषेचं कुणी नाही. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचं मन जे ढासळलं ते सावरलं नाही. १८०७ मध्ये ती वारली. आपल्या भाषेचं व्याकरण छापलं गेलं तेव्हा त्याच आवारात ती बाई आजारी होती. ही तारीख वाचली की मला ते पुस्तक नुसतं पुस्तक म्हणून हातात धरता येत नाही.

आणि त्याच आवारात हॅना मार्शमन होती, केरीच्या सहकाऱ्याची बायको. १७९९ मध्ये आली, १८०० मध्ये शाळा सुरू केली, पुढे मुलींच्या शाळा चालवल्या. तिला स्वतःला बारा मुलं झाली, त्यातली बरीच लहानपणीच गेली. केरीची आईविना वाढल्यासारखी झालेली मुलंही तिनंच मार्गाला लावली. श्रीरामपुरात मिशनची कुटुंबं एकत्र राहत, पैसा एकत्र, जेवणाचं टेबल एकच. हॅनावर त्या टेबलाचाही भार होता, पण सोबत माणसं होती, घर एकटीचं नव्हतं. डोरथीची सुरुवातीची वर्षं एकटीची होती. दोघींच्या स्वभावात फरक असेल, पण मला हा फरक मोठा वाटतो.

डॅलसची_दुपार

पानाआड, मी आयुष्यभर चर्चमध्ये केरीच्या गोष्टी ऐकल्या. पीटरचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं.

ओसरी

मीही. शब्बाथ शाळेत केरीचा धडा मी किमान वीस वेळा शिकवला असेल. चांभाराचा विद्वान झाला, एवढंच.

हिरवा_स्टेथो

डोरथीचा विषय निघाला म्हणून एक डॉक्टर म्हणून लिहिते.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदास वाटत राहिलं, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, बाळाविषयी काहीच वाटेनासं झालं किंवा मी नसलेली बरी असं मनात येऊ लागलं, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. एडिनबर्ग प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांची साधी तपासणी असते, ती करून घ्या. अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही आहेत. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं. "प्रार्थना कमी पडली" असं बाळंतिणीला कृपा करून कुणी म्हणू नका. प्रार्थना करा आणि रिक्षा बोलवून दवाखान्यातही न्या.

दुसरं, पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे जवळजवळ एक जास्तीचं जेवण. ते कोण करून वाढणार, हा प्रश्न डॉक्टर म्हणून मी घरच्यांना नेहमी विचारते.

वऱ्हाडी_लेक, तू जेवतेस ना वेळेवर?

वऱ्हाडी_लेक

डॉक्टरताई, मन ठीक आहे. जेवण खरं सांगायचं तर उभ्यानं होतं, ओट्याशी. सासूबाई चांगल्या आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेत. नवरा सकाळी सातला निघतो. पोळ्या करायच्या, त्यातली पहिली तव्याजवळच खायची, असं चाललंय.

भाकरी_जमते_मला

पुरुषाचा प्रतिसाद चालेल ना. मी परतवाड्याकडचाच, बाप्टिस्ट घरातला, आता नाशकात. बायको नर्स. तिची २६ आठवड्यांची रजा संपली तेव्हा मुलगा रात्री तीनदा उठायचा. मी तोवर आयुष्यात चहापलीकडे काही केलं नव्हतं. सकाळच्या भाकरी मी घेतल्या. पहिले पंधरा दिवस सगळ्या कडेला फाटायच्या. मला वाटायचं हात वाईट आहे. मग शेजारच्या आत्यांनी पीठ चिमटीत घेऊन सांगितलं, विरी गेली आहे याची, जुनं दळण आहे. ताजं दळून आणलं, उकळतं पाणी घालून मळलं, आणि त्या दिवशी पहिली भाकरी फुगली. तव्यावरून उचलून तशीच बायकोला दाखवायला नेली.

माझे वडील मंडळीत एल्डर, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी, होते, आयुष्यात त्यांनी ताट उचललं नाही. ते आमच्याकडे आले, मला भाकरी थापताना बघितलं आणि काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लसूण सोलायला घेतला.

वऱ्हाडी_लेक, तुझ्या नवऱ्याला सातच्या आधी एक तास आहे. त्याला शिकव.

माळरान

लसूण सोलणारे आजोबा! डोळे भरून आले.

खडू_आणि_फळा

मूळ प्रश्नाकडे येते. बायबलात १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात शमुवेलाची आई हन्ना दरवर्षीच्या यज्ञाला शिलो या देवस्थानी जात नाही. मूल दूध तुटेपर्यंत मी येणार नाही, असं ती नवऱ्याला सांगते, आणि एलकाना म्हणतो, तुला बरं वाटेल ते कर. म्हणजे थांबायचं तिनं स्वतः ठरवलं. मंडळीनं ठरवून तिला कळवलं नाही. वऱ्हाडी_लेक, तुला थांबायचं आहे का? हे तुला कुणी विचारलंच नाहीये, आम्हीसुद्धा नाही.

वऱ्हाडी_लेक

नाही. मला थांबायचं नाहीये.

गुरुवारच्या घरभेटी मी लेक सहा महिन्यांची होईपर्यंत सोडेन, तो घाटाचा रस्ता तिला घेऊन झेपणार नाही, ते मलाच पटतंय. पण वर्ग मला हवा आहे. पाऊण तासाचा तर वर्ग. उपासनेच्या वेळी ती रडली की मी तशीही बाहेर व्हरांड्यात असते. तिथे आम्ही चार-पाच जणी असतो, लेकरं घेऊन उभ्या, खिडकीतून उपदेश अर्धा ऐकू येतो, अर्धा नाही. गेल्या रविवारी तिथेच मी त्या चौघींना एलीयाचा धडा सांगितला, तोच, चाळणीला टेकवलेला. रतामाच्या झुडपाखाली तो "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणून निजतो. देवदूत त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला सांगतो, वाट तुला फार लांबची आहे म्हणून. त्यातली एक जण, तिसऱ्या लेकराची आई, म्हणाली, "मले बी कोनी असं दोनदा उठवून खाऊ घालाव ना व माय." आणि आम्ही सगळ्याच रडलो.

ओसरी

बाळा, दोन दिवस मी या धाग्यावर फक्त वाचत होते.

मी जे लिहिलं ते मागे घेत नाही. माझ्या ओट्यावर मी देवाची सेवा केली, हे माझ्या मरणापर्यंत मी सांगेन. पण एक गोष्ट मी लिहिली नव्हती. माझा मधला मुलगा पोटात असताना मी बायकांच्या सभेत बोलणं सोडलं आणि परत कधी उभी राहिले नाही. मला कुणी थांबवलं नाही. कुणी परत बोलावलंही नाही. माझ्या संदेशांची वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. दोन घरं बदलली त्यात ती गेली. त्यातला एक संदेश लोईस आणि यूनीकेवर होता, पौलाचा सहकारी तीमथ्य याच्या आजी आणि आईवर. अजून थोडा पाठ आहे.

तू वर्ग मागून घे. भाजी मी बघते. मी तुझ्यापासून फार लांब नाही. साठ माणसं मला जड नाहीत, फक्त पातेलं उतरवायला कुणीतरी तरणा माणूस पाहिजे.

भाकरी_जमते_मला

काकू, पहिल्या रविवारी मी गावी आहे. पातेलं मी उतरवतो, भाकरीही थापतो.

खडू_आणि_फळा

ओसरीकाकू, तो लोईस आणि यूनीकेचा संदेश आठवेल तेवढा इथे लिहाल का? वेगळा धागा काढा हवं तर.

वऱ्हाडी_लेक

काल संध्याकाळी पाळकांकडे गेले होते, लेकीला घेऊन. वर्ग परत द्या म्हटलं, आणि प्रीतिभोजनाच्या यादीत घरातल्या दोघांची नावं लिहावीत, पहिलं वर्ष बाळंतिणीचं नाव वगळावं, हे बैठकीत मांडायचं आहे म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. यादीचं मंडळी ठरवेल म्हणाले. वर्गाचं मात्र लगेच हो म्हणाले, आणि जरा वेळानं म्हणाले, "तुला विचारायला पाहिजे होतं." पाळकीणबाई आत चहा करत होत्या, त्यांनी आतूनच विचारलं, "पोरगी जेवली का?" मला वाटलं लेकीचं विचारतायत. त्या मला विचारत होत्या. ताट वाढूनच बाहेर आल्या, लेकीला माझ्याकडून घेतलं आणि मला खाली बसवलं.

ओसरीकाकू, पहिल्या रविवारी नक्की या. उपासना साडेनऊला आहे, वर्ग साडेआठला. मुलं बावीस आहेत. तुमच्या संदेशाला वीस मिनिटं ठेवते.

ओसरी

वीस मिनिटांत लोईस होईल, यूनीके उरेल. येते. वांगी काटेरी आण, जांभळी नको.